आयुष्मान कार्ड फुकट, पण त्याच्या नावाने येणारा फोन महागात : महाड-पोलादपूरच्या ज्येष्ठांसाठी आणि त्यांच्या मुंबईतल्या मुलांसाठी माहिती

महाड/पोलादपूर : वाडीवर म्हातारा-म्हातारी दोघंच, मुलगा-सून मुंबई नाहीतर विरार-नालासोपाऱ्याला, नातवंडं गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. दोन्ही तालुक्यांतल्या कितीतरी घरांत आज हेच चित्र आहे. मोबाईल मात्र घरोघरी आहे, कारण मुलाचा आवाज आणि मुलाने पाठवलेले पैसे दोन्ही त्याच्यावरच येतात. त्याच मोबाईलवर दुपारच्या वेळी, घरात दुसरं कोणी नसताना, एक अनोळखी फोन येतो. "माताजी, आपका आयुष्मान कार्ड बंद होनेवाला है." कधी हिंदी, आता बऱ्याचदा चांगलं मराठीही. नाव बरोबर सांगतात, कधी आधारचे शेवटचे चार आकडेही सांगतात. पुढे एक ओटीपी मागतात, किंवा व्हॉट्सअॅपवर एक फाईल पाठवतात, किंवा पाचशे रुपये "फी" मागतात.

आरोग्य विम्याच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीचे प्रकार सारखे बदलतात. आज केवायसी, उद्या बोनस, परवा फुकट तपासणी. प्रत्येक प्रकार लक्षात ठेवणं सत्तरीच्या माणसाला जमणार नाही आणि त्याची गरजही नाही. या सगळ्यांचा आधार एकच असतो : सरकारने आपल्याला आधीच काय दिलंय हे समोरच्या म्हाताऱ्या माणसाला माहीत नसतं. म्हणून जे फुकट आहे तेच त्याला विकलं जातं. त्यामुळे सुरुवात चोरापासून नको, आपल्या हक्कापासून करू.

आपल्याकडे आधीच काय आहे

सरकारी आरोग्य योजनेत रायगड जिल्हा जुना आहे. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या पहिल्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात रायगड होता. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. जुनी माणसं अजून "जीवनदायी"च म्हणतात, तीच ही. पूर्वी पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवाल्यांनाच तिचा फायदा होता आणि मर्यादा दीड लाखाची होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती ५ लाख केली आणि पांढऱ्या कार्डवाल्यांसह सगळ्यांना आत घेतलं. म्हणजे रेशनकार्ड असलेलं घर योजनेत आहेच. त्यासाठी कोणाला हप्ता भरावा लागत नाही.

केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. राज्यात ती फुले योजनेला जोडूनच चालते. तिच्यात मोठा बदल झाला २९ ऑक्टोबर २०२४ ला. त्या दिवसापासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, श्रीमंत असो की गरीब, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. त्यासाठी वेगळं कार्ड मिळतं, त्याला आयुष्मान वय वंदना कार्ड म्हणतात. घरचं कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल तर ज्येष्ठांचे हे ५ लाख वेगळे, नातवाच्या ऑपरेशनमुळे ते कमी होत नाहीत. नवरा-बायको दोघंही सत्तरीच्या पुढचे असतील तर दोघांत मिळून ५ लाख. आधीपासूनचा बीपी, डायबेटीस, हृदयाचा त्रास असला तरी पहिल्या दिवसापासून चालतं. खाजगी मेडिक्लेम असलेल्यांना आणि ईएसआयवाल्यांनाही (महाड एमआयडीसीत नोकरी केलेले बरेच जण आहेत) हे कार्ड काढता येतं. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतल्या किंवा माजी सैनिकांच्या योजनेतल्या लोकांना मात्र दोन्हीपैकी एक निवडावं लागतं. पोलादपूर-महाडच्या गावांत फौजी घरं पुष्कळ, त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

कार्डासाठी कागद एकच, आधार. वयही आधारवरचंच धरतात. इथे आपल्याकडे गोची होते. आधार काढायच्या वेळी ज्यांच्याकडे दाखला नव्हता त्यांची जन्मतारीख अंदाजे टाकली गेली, म्हणून १ जानेवारी ही अर्ध्या गावाची जन्मतारीख आहे. खरं वय ७४ आणि आधारवर ६७ अशी माणसं सापडतात. त्यांना "तुमचं वय बसवून देतो" म्हणणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नये. दुरुस्ती आधार केंद्रावरच पुरावा देऊन होते, आणि ती होईपर्यंत रेशनकार्डवर फुले योजना आहेच.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावरून नंतर भांडणं होतात. या योजनांत दवाखान्यात भरती होऊन घ्यायचे उपचार येतात, तेही ठराविक यादीतले आणि योजनेत असलेल्या रुग्णालयातले. गुडघ्याच्या गोळ्या, सर्दी-तापाचं इंजेक्शन, खाजगी डॉक्टरची फी यातून मिळत नाही. "आमच्या कार्डावर सगळी औषधं फ्री" असं कोणी म्हणाला की तो सरकारी माणूस नाही एवढं तिथेच समजावं.

ओटीपी कधी द्यायचा, कधी नाही

"ओटीपी कोणालाही देऊ नका" असं सगळीकडे सांगितलं जातं. ऐकायला बरं वाटतं, पण ते पूर्ण खरं नाही, आणि म्हणूनच म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ उडतो. आयुष्मान कार्ड काढताना आधारची खात्री करावीच लागते. ती मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीने होते, नाहीतर अंगठ्याने, डोळ्याने किंवा चेहऱ्याने. म्हणजे आशाताई कार्ड काढायला बसली की ओटीपी विचारणारच. मग आजीला प्रश्न पडतो, टीव्हीवर देऊ नका म्हणतात आणि ही मागते.

फरक इतकाच आहे. कार्ड काढणारा माणूस समोर बसलेला असतो. तो ओळखीचा असतो : गावची आशा, उपकेंद्रातली सिस्टर, आरोग्य केंद्रातला कर्मचारी, ग्रामपंचायतीतलं आपले सरकार केंद्र किंवा बाजारपेठेतलं सीएससी सेंटर. मेसेज आधारचा असतो आणि त्यात बँकेचं, पैशाचं नाव नसतं. फोनवरून ओटीपी मागणारा कधीच खरा नसतो, मग तो "दिल्ली ऑफिस"मधून बोलो की "कलेक्टर ऑफिस"मधून. मेसेजमध्ये रुपये, खातं, "डेबिट" असा एक शब्द जरी दिसला तरी तो आकडा तोंडातून काढायचा नाही. वाचता येत नसेल तर वाचणारं माणूस जवळ येईपर्यंत थांबावं. कार्ड उद्याही निघतं, त्याला मुदत नाही.

अंगठ्याची गोष्ट त्याहून नाजूक आहे. आधारला जोडलेल्या खात्यातून नुसत्या अंगठ्यावर पैसे काढता येतात. दुर्गम गावातल्या लोकांना बँकेची चक्कर वाचावी म्हणून ही सोय झाली आणि ती चांगलीच आहे. पण एका वेळी १० हजारांपर्यंत रक्कम अशी निघू शकते, आणि त्याला ना ओटीपी लागतो ना एटीएम कार्ड. देशभर असे प्रकार उघड झालेत की "कार्ड काढतोय" म्हणून अंगठा घेतला आणि मशीन पैसे काढण्याच्या पानावर होतं. किंवा पहिला अंगठा "लागला नाही" म्हणून दुसऱ्यांदा घेतला, त्यातला एक कार्डासाठी आणि एक खात्यासाठी. शेतात राबलेल्या हाताचे ठसे खरोखरच लागत नाहीत, रेशन दुकानात रोजचंच आहे ते. म्हणून दुसऱ्यांदा अंगठा मागितल्याचं कोणाला वावगं वाटत नाही.

यावर उपाय म्हणून आधारचे ठसे लॉक करा असं सांगतात. एमआधार अॅपवरून किंवा आधारच्या वेबसाईटवरून ते होतं. पण ठसे लॉक केले की रेशनचं मशीनही अंगठा घेत नाही, दर महिन्याला उघडत बसावं लागतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हे जमणारं नाही. त्यापेक्षा आपल्या बँकेत अर्ज देऊन आधारवरून पैसे काढण्याची सोय बंद करता येते का ते विचारावं, आणि गावात कोणी अनोळखी माणूस मशीन घेऊन आला तर अंगठा देण्याआधी आशाताईला किंवा ग्रामपंचायतीत विचारावं. अंगठा दिलाच असेल तर त्याच दिवशी पासबुक भरून बघावं.

ओळखीच्या नंबरवरून आलेली फाईल

गावच्या, मंडळाच्या, भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "आयुष्मान कार्ड" नावाची एक फाईल येते. नावाच्या शेवटी "एपीके" अशी इंग्रजी अक्षरं असतात. तो फोटोही नाही आणि यादीही नाही. ते एक अॅप असतं. उघडून परवानगी दिली की फोनवर येणारे मेसेज चोराला दिसायला लागतात, त्यात बँकेचे ओटीपीही आले. मग त्याला कोणाला फोन करून काही विचारायची गरजच उरत नाही.

यातली खरी मेख अशी की ती फाईल बहुतेक वेळा ओळखीच्याच नंबरवरून आलेली असते. ज्याचा फोन आधी बाधित झाला त्याच्या नावाने ती आपोआप पुढे जाते. म्हणजे मंडळाच्या सेक्रेटरीने पाठवलीय असं दिसतं आणि सेक्रेटरीला त्याचा पत्ताही नसतो. सरकारचं खरं आयुष्मान अॅप फोनमधल्या प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं असतं, व्हॉट्सअॅपवर ते कधी येत नाही. ग्रुप अॅडमिनने अशी फाईल दिसल्या दिसल्या काढून टाकावी आणि ज्याच्या नंबरवरून आली त्याला साधा फोन करून कळवावं.

फाईल चुकून उघडली असेल तर फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाकावा किंवा सिम काढून ठेवावं, आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावं. नुसती फाईल डिलीट करून भागत नाही.

फुकट तपासणी आणि दारात बस

हा प्रकार मोबाईलचा नाही, म्हणून त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. पण पैशापेक्षा जिवाचा धोका इथे आहे.

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्याच्या कडी तालुक्यात बोरिसणा नावाचं गाव आहे. १० नोव्हेंबर २०२४ ला तिथे अहमदाबादच्या ख्याती हॉस्पिटलने फुकट आरोग्य शिबीर घेतलं. दुसऱ्या दिवशी गावातल्या १९ जणांना बसने अहमदाबादला नेलं. तिथे अँजिओग्राफी केली आणि ७ जणांची अँजिओप्लास्टी. त्यातल्या दोघांचा मृत्यू झाला. घरच्यांना विचारलंच नव्हतं, आणि आयुष्मानचे पैसे मिळवण्यासाठी गरज नसताना हे सगळं केलं, असा गावकऱ्यांचा आरोप होता. गुन्हा दाखल झाला, डॉक्टर आणि संचालकांना अटक झाली, रुग्णालय योजनेतून काढलं गेलं. पुढच्या तपासात पात्र नसलेल्यांना पैसे घेऊन आयुष्मान कार्ड काढून देणारे लोकही पकडले गेले.

ते गाव आपल्यापासून लांब आहे, पण तिथल्या आणि इथल्या परिस्थितीत फार अंतर नाही. आपल्याकडे हृदयाचं, किडनीचं, कॅन्सरचं मोठं दुखणं निघालं की पनवेल-कामोठे, मुंबई किंवा खाली डेरवण गाठावं लागतं. आंबेनळीच्या पायथ्याच्या किंवा वरंध घाटाखालच्या वाडीतल्या माणसाला महाडला यायचं तरी अर्धा दिवस जातो. अशा माणसाला "गाडी आमची, जेवण आमचं, तपासणी फुकट" म्हटल्यावर तो बसणारच. सगळीच शिबिरं वाईट असतात असं अजिबात नाही. मोतीबिंदूच्या शिबिरांनी या भागातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना दिसायला लागलं. पण चांगलं शिबीर घेणाऱ्याला चार प्रश्न विचारलेले चालतात.

शिबीर कोणत्या रुग्णालयाचं, ते योजनेत आहे का, आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना त्याची माहिती आहे का, एवढं ग्रामपंचायतीने विचारून ठेवावं. रुग्णालय योजनेत आहे की नाही हे १५५३८८ या फुले योजनेच्या नंबरवर कळतं. तपासणीत "ब्लॉकेज आहे, आजच चला" असं सांगितलं तर रिपोर्ट हातात मागावा आणि महाड किंवा पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात, नाहीतर ओळखीच्या डॉक्टरला तो दाखवावा. खरोखर छातीत कळ येत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा १०८ ला फोन करायचा आणि वेळ घालवायचा नाही. पण चालत शिबिराला आलेल्या धडधाकट माणसाला मुलाशी बोलण्याइतका वेळ असतोच. घरच्या माणसाची सही झाल्याशिवाय ऑपरेशनच्या टेबलावर जायचं नाही, आणि कोऱ्या कागदावर सही-अंगठा तर नाहीच.

कार्ड दुसऱ्याच्या हातात ठेवून येणंही धोक्याचं. देशाच्या महालेखापरीक्षकांचा आयुष्मानवरचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यात ९९९९९९९९९९ या एकाच मोबाईल नंबरवर सुमारे साडेसात लाख लाभार्थी नोंदलेले निघाले. आधी मृत दाखवलेल्या रुग्णांच्या नावावर पुन्हा उपचार झाल्याच्या नोंदीही सापडल्या. ओळख आधारवरून पटते, मोबाईलवरून नाही, असं सरकारने त्यावर सांगितलं. ते काही असो, आपल्या माणसाच्या कार्डाला आपला, चालू असलेला नंबर जोडलेला असावा. कारण कार्ड वापरलं गेल्याचं कळायचं तर ते त्याच नंबरवर कळणार. मुलाचा नंबर दिला तरी चालेल. एजंटचा नंबर देऊ नये.

दवाखान्यात पैसे मागितले तर

योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. भरती व्हायच्या आधी त्याच्याकडे जायचं, रेशनकार्ड आणि आधार दाखवायचं. कार्ड निघालेलं नसलं तरी हरकत नाही, फुले योजनेत रेशनकार्ड आणि ओळखपत्रावर काम होतं. मंजुरी आल्यावर त्या उपचाराचे वेगळे पैसे घ्यायचे नसतात. भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि सुट्टीनंतरचे १५ दिवस यातली तपासणी-औषधंही आयुष्मानच्या पॅकेजमध्ये धरलेली असतात.

तरीही "डिपॉझिट भरा, नंतर परत मिळेल" असं ऐकायला मिळतं. पावती मागावी. पावती देत नसतील तर तिथूनच १५५३८८ किंवा आयुष्मानच्या १४५५५ वर फोन लावावा. काउंटरसमोर उभं राहून लावला तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. सुट्टी होताना मिळणारा कागद नीट वाचून घ्यावा, त्यात न झालेलं ऑपरेशन लिहिलेलं नाही ना हे बघावं.

मुंबईच्या मुलाने काढून दिलेली पॉलिसी

आता खाजगी विम्याचं. आई-बापाच्या काळजीने मुलगा मुंबईत बसून मेडिक्लेम काढतो, किंवा बँकेतला साहेब एफडीच्या ऐवजी "यात विमा पण आहे" म्हणून काहीतरी गळ्यात मारतो. हा दुसरा प्रकार जास्त वाईट. माणूस एफडी समजून सही करतो आणि कागद निघतो जीवन विम्याचा, ज्यात दरवर्षी हप्ता भरायचा असतो आणि दवाखान्याचा एक रुपया मिळत नाही. खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात त्यालाही पुष्कळ लोक दवाखान्याचा विमा समजतात. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, फक्त अपघाताची, आणि वयाच्या ७० वर्षांपर्यंतच. हजार-दोन हजारात मिळणारं "हेल्थ कार्ड" तर विमाच नसतं. ठराविक दुकानात सवलत देणारं ते कार्ड, आणि बहुतेक दुकानं घाटाच्या पलीकडची.

पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवस विचार करायला मिळतात. नको असेल तर लेखी कळवून परत करता येते, थोडीफार कपात होऊन पैसे परत मिळतात. या ३० दिवसांत काय बघायचं? कागदावर आरोग्य विमा लिहिलंय की जीवन विमा, हप्ता एकदाच की दरवर्षी, आणि फॉर्ममध्ये तब्येतीविषयी काय भरलंय. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. एजंट म्हणतो, "डायबेटीस लिहू नका, हप्ता वाढेल." पुढे दवाखान्याचं बिल आलं की कंपनी बोट ठेवते की आजार लपवला. एजंट तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. खरं लिहिलं तर आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं, पण नंतर हक्क राहतो. सलग ५ वर्षं पॉलिसी चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याचं कारण कंपनीला देता येत नाही.

हप्ता नेहमी कंपनीच्या नावाने. एजंटच्या स्वतःच्या फोन-पे नंबरवर पाठवलेला हप्ता कंपनीकडे पोचला की नाही हे देवाला ठाऊक. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झालेला आहे, तेव्हा नव्या हप्त्यावर जीएसटी म्हणून वेगळे पैसे मागणारा तिथेच उघडा पडतो.

जुन्या, बंद पडलेल्या पॉलिसीच्या नावाने येणारे फोन हा या धंद्याचा सगळ्यात जुना प्रकार. "तुमचे दीड लाख अडकलेत, ९ हजार भरा, सोडवून देतो." विमा नियामक प्राधिकरण, म्हणजे आयआरडीएआय, कोणालाही फोन करून बोनस देत नाही आणि पॉलिसीही विकत नाही, हे त्यांनी वेळोवेळी जाहीर केलेलं आहे. अडकलेले पैसे खरे असतील तर पॉलिसीचा कागद घेऊन त्या कंपनीच्या शाखेत गेलं की कळतं.

कंपनीने क्लेम नाकारला किंवा फसवून पॉलिसी गळ्यात मारली तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तिची पोच जपून ठेवायची. नियामकाच्या बिमा भरोसा सेवेचा नंबर १५५२५५. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही, साध्या मराठी अर्जावर काम होतं.

पैसे गेले तर पहिला तास

१९३०. हा सायबर फसवणुकीचा नंबर. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे पळवले जातात आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून काढले जातात. पैसे अजून खात्याखात्यांत फिरत असतील तर ते गोठवता येतात, एकदा काढून नेले की अवघड. म्हणून पोलीस ठाण्यात जाण्याच्या आधी हा फोन. रेंज नसेल तर जिथे रेंज येते त्या वळणावर जावं, शेजाऱ्याचा फोन घ्यावा, मुलाला मुंबईहून लावायला सांगावं. कोणीही लावला तरी चालतो, फक्त खातं कोणतं, किती गेले, किती वाजता गेले आणि मेसेजमधला व्यवहाराचा नंबर एवढं हाताशी असावं. सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी साईटवरही तक्रार होते.

त्याबरोबरच बँकेला फोन. ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंत झालेलं नुकसान आपल्यावर येतं, कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेची. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच हे ठरवून दिलंय. म्हणून कळवल्याचा तक्रार नंबर लिहून घ्यायचा. नंतर महाड शहर, महाड तालुका, महाड एमआयडीसी किंवा पोलादपूर, जे जवळ असेल त्या पोलीस ठाण्यात. रायगड पोलिसांचं सायबर ठाणं अलिबागला आहे, पण तक्रार द्यायला तिथवर जायची गरज नाही. फोनवरचे मेसेज, चोराचा नंबर, ती फाईल यातलं काही पुसू नये.

यात सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट रेंज किंवा एसटी नसते. आई मुलाला सांगतच नाही. "मी एवढी येडी कशी झाले" म्हणून गप्प बसते, दोन दिवसांनी शेजारीण सांगते, मग मुलगा ओरडतो. तोवर पैसे कधीच गेलेले असतात. मुंबईकर मुलांनी हे आधीच सांगून ठेवलं पाहिजे की पैसे गेले तर आधी मला फोन कर, मी ओरडणार नाही. आणि खरंच ओरडू नये. शिकलेले, नोकरीतले, बँकेतले लोकही यात फसलेत. पुढच्या वेळी गावाला आल्यावर आईच्या फोनमध्ये १९३०, १५५३८८ आणि १४५५५ हे तीन नंबर नावासकट भरून द्यावेत, आणि ज्या खात्याला फोन-पे जोडलंय त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवून बाकीची पुंजी दुसऱ्या खात्यात ठेवावी, ज्याला ना यूपीआय ना एटीएम. गेले तरी थोडेच जातील.

तक्रार केल्यानंतर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायचे ३ हजार भरा." एकदा फसलेल्यांचे नंबर या लोकांत फिरत असतात. गोठवलेली रक्कम परत यायची असेल तर ती बँकेच्या खात्यातच येते आणि त्यासाठी पोलीस फोनवरून कुठलीही फी घेत नाहीत. असा फोन आला तर तो नंबरही पोलीस ठाण्यात त्याच तक्रारीत जोडून द्यावा.